भुऱ्याचं स्थळ

"पत्रिका जुळत नाही हो," असं कुणी म्हणालं की इंदूताई चष्मा काढून पदराला पुसायच्या आणि थंडपणे विचारायच्या, "कुणाची? मुलामुलीची, की तुमच्या बोलण्याची आणि खऱ्याची?" समोरचा माणूस एकतर उठून जायचा किंवा खरं बोलायला लागायचा. उठून जाणाऱ्यांचं त्यांना वाईट वाटत नसे. "बाक मोकळा झाला," एवढंच म्हणायच्या.

कोथरूडला आमच्या सोसायटीत, पहिल्या मजल्यावर, माझ्या दारासमोर त्यांचं दार. बाहेरच्या खोलीत त्या लग्नं जमवायच्या. लोक त्याला वधूवर सूचक केंद्र म्हणत, त्या स्वतः काहीच म्हणत नसत. एक लाकडी बाक, दोन खुर्च्या, कोपऱ्यात शिवणयंत्र, कारण आधी त्या शाळेत शिवण शिकवायच्या, आणि खिडकीपाशी इंदूताई. यजमान लवकर गेले, मुलगी नाशिकला. अंगानं किरकोळ, पण आवाज असा की खाली पार्किंगमध्ये स्कूटर पुसणारा माणूस दचकावा. बोलण्याच्या बाबतीत तर फारच कडक. "पानी मिळेल का?" असं विचारणाऱ्याला त्या पाणी द्यायच्या, पण आधी 'ण' म्हणायला लावायच्या.

त्यांचा एकच नियम होता: आधी खोट, मग चहा. मुलाचे किंवा मुलीचे आईवडील आले की पहिल्यांदा आपल्या लेकराची खोट सांगायची. दमा असेल, आधीचं लग्न मोडलेलं असेल, चिडका असेल, काय असेल ते. त्यानंतर आधण चढायचं. एक बाई आल्या होत्या, मुलगा संगणकातला, नुकता परदेशातून परतलेला. बाई म्हणाल्या, "खरंच सांगते, आमच्या चिन्मयमध्ये खोट म्हणून काही नाहीच."

"मग माझ्याकडे कशाला आणलात? देव्हाऱ्यात ठेवा."

बाई चहा न घेता गेल्या. त्या काळात अशी माणसं फार वाढली होती. हिंजवडीकडे कंपन्या उभ्या राहिल्या, पोरांचे पगार बापांच्या पेन्शनीला वेडावून दाखवायला लागले, आणि मुलाचा स्वभाव विचारला की लोक पॅकेज सांगायला लागले. इंदूताई म्हणायच्या, "पॅकेज सहलीवाले देतात. मुलगा घरी आल्यावर ताट स्वतः उचलतो का, ते सांगा." पुढे लग्नं इंटरनेटवर जमायला लागली, तिथं खोट सांगायची सक्ती नव्हती आणि चहाही नव्हता. त्यांच्याकडची वर्दळ आटत गेली. मग त्यांच्याकडे यायची ती बाकीच्यांनी नाकारलेली स्थळं: घटस्फोटित, पस्तिशी उलटलेली, पायानं अधू. त्यांचं मात्र त्या मन लावून करायच्या.

आणि अशाच एका स्थळासाठी मी त्यांना जितकं संतापलेलं पाहिलं तितकं आधी कधी पाहिलं नव्हतं. ते स्थळ म्हणजे एक म्हातारा कुत्रा होता.

तो निखिलचा कुत्रा. निखिल मूळचा अकोल्याचा, पुण्यात येऊन इंजिनीअर झालेला. त्याचं लग्न इंदूताईंनीच जमवलेलं, मुलगी इथलीच, शलाका. दोघं शेजारच्या इमारतीत राहायची. निखिलची आई गेल्यावर त्याचे वडील, आबाजी, अकोल्याचं घर बंद करून इकडे आले, ते या कुत्र्याला घेऊन. तांबूस रंग, जात विचारू नये असा, कानाला एक जुनी फाट. आबाजी त्याला भुऱ्या म्हणायचे. शलाकानं त्याचं ब्रूनो केलं. सोसायटीनं ब्रूनो हेच खरं नाव मानलं, कारण ते इंग्रजी होतं. भुऱ्या हे म्हाताऱ्याच्या लाडाचं.

आबाजी इथं दोनेक वर्षं राहिले. त्या काळात कुत्र्याचे डोळे गेले आणि मागचे पाय लटपटायला लागले. म्हातारा आणि तो, दोघं सकाळ संध्याकाळ इतक्या हळू फिरायचे की वॉचमन त्यांच्यासाठी फाटक उघडून ठेवून मध्ये आपलं दुसरं काम उरकून यायचा. मग आबाजी गेले. त्यानंतर ब्रूनो निखिलच्या गॅलरीत साखळीला असायचा. त्याला फिरवायला कुणी आणलं तर जिन्याच्या पहिल्या पायरीवरच तो अंग टाकायचा आणि उचलून न्यावा लागायचा.

एक दिवस निखिल आणि शलाका पेढे घेऊन इंदूताईंकडे आली. मी तिथंच होते. अमेरिकेचं नक्की झालं होतं. आता वर्षा-दोन वर्षांचं नाही, कायमचंच. इंदूताईंनी पेढा हातात घेतला, अभिनंदन केलं आणि विचारलं, "आणि ब्रूनो?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. शलाका म्हणाली, "मावशी, त्याला विमानातून नेणं शक्यच नाही. वय झालंय. डोळे नाहीत, कान पण गेलेत त्याचे. हाक मारली तर ओ देत नाही. अंथरुणात घाण करतो. डॉक्टर म्हणाले, त्याला झोपवलेलंच बरं."

"झोपवायचं?" इंदूताई म्हणाल्या. "अंगाई तू म्हणणार की हा?"

"तसं नाही मावशी..."

"मग कसं? मारायचं म्हण. शब्द तोंडातून निघत नाही आणि काम मात्र उरकायचंय."

निखिल खाली मान घालून बसला होता. चांगला मुलगा, अगदी चांगला. मला त्या चांगुलपणाचाच जास्त राग आला. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. तो म्हणाला, "ताई, खूप लोकांना विचारलं. म्हातारा, आंधळा कुत्रा कोण घेणार?"

इंदूताईंनी हातातला पेढा परत खोक्यात ठेवला. "मी तुझं जमवलं तेव्हा तूही कुणाला नको होतास. गावाकडचा, एकुलता, आईवडील गळ्यात. पंधरवडाभर कुणी बाकावर टेकत नव्हतं. आण त्याला इकडे. तुमचं विमान उडेपर्यंत मला वेळ दे. तोवर स्थळ नाही मिळालं तर तुझा डॉक्टर आहेच."

असा ब्रूनो पहिल्या मजल्यावर, शिवणयंत्राखाली येऊन पडला. इंदूताईंनी त्याच्यासाठी जुन्या साड्यांची गोधडी घातली. त्याला स्वतःकडेच का ठेवून घेत नाही, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "मी सत्तरी ओलांडली, मंजिरी. त्याचा म्हातारा एकदा मेला आहे. पुन्हा एक म्हातारी बघून देऊ त्याला?"

मग सुरू झाले दाखवण्याचे कार्यक्रम. त्यांनी ओळखीपाळखीत सगळीकडे निरोप धाडले आणि माणसं यायला लागली. नियम तोच. पाहुणा बाकावर बसला की इंदूताई सांगायच्या, "आंधळा आहे. बहिरा आहे. मागचे पाय धड नाहीत. जिना चढत-उतरत नाही. रात्री अंथरूण ओलं होतं. आता चहा घेणार?"

बाणेरहून एक जोडपं आलं, बरोबर छोटी मुलगी. सगळं ऐकून नवरा म्हणाला, "आम्ही घरी बोलून कळवतो."

"घरी अजून कोण आहे? तुम्ही दोघंही इथंच बसलाय."

एक बाई आल्या, प्राण्यांसाठी काम करणाऱ्या. भूतदयेवर त्या इतकं सुंदर बोलल्या की माझे डोळे पाणावले. शेवटी म्हणाल्या, "माझ्याकडे जागा नाही, पण मी सगळ्यांना मेल टाकते."

"टाका," इंदूताई म्हणाल्या. "टाकायचं काम सगळ्यांना उत्तम जमतं."

एका निवृत्त साहेबांनी, बंगला, बाग, नोकर असं सगळं असताना, "पिल्लू असतं तर घेतलं असतं" म्हणून सांगितलं. इंदूताई म्हणाल्या, "तुम्हाला तुमच्या पिल्लांनी हेच सांगितलं तर?" ते साहेब पुढे सहा महिने मंडईत दिसले तरी आमच्याकडे पाहत नसत.

खरं सांगते, मला आजही त्या माणसांची नावं आठवली की तिडीक कपाळात जाते. पाच खोल्यांची घरं, कुत्र्याला झोपायला लागते ती चटईएवढी जागा, आणि ती कुणाकडेच नाही. वर आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी इंदूताईंना जिन्यात गाठून विचारलं, "हे प्राणी प्रकरण कायमचं नाही ना?" इंदूताई म्हणाल्या, "नाही. आपण कुणीच कायमचे नाही."

आलेल्यांत एकच माणूस त्यांना आवडला. बावधनचे तात्या. गावातले जुने जमीनवाले, रान बिल्डरला देऊन आता खोल्या भाड्यानं लावणारे. त्यांना प्लॉटवर राखणीला कुत्रं हवं होतं. बाकावर बसून त्यांनी ब्रूनोकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाई, डोळं न्हाईत, कान न्हाईत, ह्ये राखण काय करंल? मला न्हाई उपेगाचं."

"बसा," इंदूताई म्हणाल्या. "पहिला माणूस भेटला सरळ नाही म्हणणारा." आणि खोट न सांगताच त्यांना चहा मिळाला, वर बिस्किटंही.

एवढं सगळं होईपर्यंत निखिलच्या घरातलं सामान निघालं होतं. फ्रिज गेला, सोफा गेला, पलंग गेला. सगळ्याला गिऱ्हाईक मिळालं. इंदूताई रोज सकाळी खिडकीतून त्या टेंपोंकडे पाहायच्या आणि ब्रूनोला म्हणायच्या, "कम, ब्रूनो. कम. ईट." हो, इंदूताईसुद्धा. उभ्या जगाला 'ण' शिकवणाऱ्या इंदूताई कुत्र्याशी इंग्रजीत बोलायच्या. मीही बोलायचे. आमच्या कोथरूडात ज्यांना इंग्रजीत दोन वाक्यं धड येत नाहीत तेसुद्धा कुत्र्याला सिट आणि स्टे म्हणतात, कुणी शिकवलं देव जाणे. ब्रूनो मान हलवत नसे. वाटी नाकाखाली सरकवली की मग खायचा. भांडं पडलं तर दचकायचा, तर आम्ही म्हणायचो, फरशीला हादरा बसला असेल. हुशार माणसं ना आम्ही.

आता अर्चनाबद्दल सांगते. ती यवतमाळची, हिंजवडीला एका कंपनीत, चार मुलींबरोबर पीजीमध्ये राहणारी. इंदूताईंकडे तिचं नाव बऱ्याच दिवसांपासून होतं. शिकलेली, नीटस, हसरी. तरी जमत नव्हतं. मुलांच्या आया भेटून जायच्या आणि नंतर फोन करायच्या, "मुलगी छानच आहे हो, पण बोलणं जरा तिकडचं आहे." तिकडचं म्हणजे कुठलं? विलायतेचं बोलणं चालतं, विदर्भातलं चालत नाही. इंदूताईंनी त्या आयांना सुनावलं होतं, पण अर्चनालाही बजावलं होतं: "मुलाच्या आईसमोर 'हाव' म्हणायचं नाही, 'हो' म्हणायचं. 'मले' नाही, 'मला'." पोरगी बिचारी शिकली. इतकी शिकली की आईचा फोन आला तरी उठून गॅलरीत जायची, आम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून.

त्या रविवारी सकाळी ती आली तेव्हा गॅलरीत गोधड्या वाळत होत्या, उभं राहायला जागा नव्हती. फोन वाजला. ती बाकावरच, भिंतीकडे तोंड करून, हलक्या आवाजात बोलायला लागली. "आई, बाई पुसून गेली का? मंग पाह्यजो. ओल्यात पाय टाकजो नको."

शिवणयंत्राखाली हालचाल झाली. ब्रूनो उभा राहिला. कान ताठ. त्यानं पुढचा उजवा पाय उचलला, हवेत चाचपला, खाली टेकवला. मग डावा उचलला. समोर सपाट फरशी होती.

इंदूताईंचा कातरीचा हात थांबला. अर्चना फोन कानाला लावून तशीच बघत राहिली.

"पुन्हा म्हण," इंदूताई म्हणाल्या.

अर्चना लाल झाली. "सॉरी मावशी. आई होती म्हणून तसं बोलले."

"अगं, सॉरी कसलं? आत्ता म्हणालीस ते पुन्हा म्हण."

"पाह्यजो," अर्चना म्हणाली, आणि ब्रूनोनं पाय उचलला.

तेव्हा मला आठवलं. सकाळ संध्याकाळ शेजारच्या इमारतीच्या जिन्यातून ऐकू यायचं ते. आबाजी प्रत्येक पायरीपाशी थांबून म्हणायचे, "पाह्यजो बे, पायरी." म्हणजे, जपून रे, पायरी आहे. सोसायटीतली पोरं त्याची नक्कल करत पळायची. कुत्र्याचे डोळे जात होते आणि म्हातारा त्याला आवाजानं जिना शिकवत होता, हे आमच्यापैकी एकालाही समजलं नव्हतं.

अर्चना जमिनीवर बसली. "काय नाव म्हणत होते याचं ते आजोबा?"

"भुऱ्या," मी म्हणाले.

"भुऱ्या," तिनं हाक मारली. "ये बे अठी. काहून बसला रे तिकडे? ये."

तो गेला. सरळ, न अडखळता, तिच्या आवाजावर गेला आणि तिच्या मांडीवर तोंड टेकवून उभा राहिला. अर्चना रडायला लागली. मीही. इंदूताई रडल्या नाहीत. त्यांचा चेहरा तांबडा झाला होता.

"बहिरा नाही हा," त्या म्हणाल्या. "बहिरा म्हणून मी याला वीस ठिकाणी नाकारून घेतलं. जन्मभर लोकांच्या खोटी उघड्या केल्या आणि याची नसलेली खोट मी माझ्या तोंडानं सांगत बसले. का? तर कुत्र्याशी इंग्रजीतच बोलायचं असतं, एवढी अक्कल आम्हाला आहे." मग थोडं थांबून म्हणाल्या, "आणि निखिलला ही बोली सोडायला मीच सांगितलं. शलाकाच्या आईपुढे बसायच्या आधी, याच बाकावर. घरातलं एक माणूस याच्याशी बोललं असतं तर याला गॅलरीत कुणी बांधलं नसतं." त्या दिवसापासून त्यांनी कुणाचा 'ण' सुधारला नाही. बाईंना अचानक काय झालं, म्हणून लोक विचारायचे.

त्याच सकाळी अर्चनानं त्याला जिना उतरवला. एकेक पायरी, "पाह्यजो, पाह्यजो" करत. पाय लटपटत होते, पण उतरला. खाली सेक्रेटरी उभे होते. त्यांनी विचारलं, "बरा झाला की काय?" इंदूताई वरून म्हणाल्या, "तो बराच होता. आमचा इलाज चालू आहे."

मला वाटलं, आता झालंच. इंदूताई अर्चनाला म्हणतील, तूच ने. त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. मी खूण केली तर माझ्यावरच डोळे वटारले. मागून म्हणाल्या, "गळ घालून जमवलेलं टिकत नाही. तिला पीजीत स्वतःचं पांघरूण ठेवायला जागा नाही, आणि मी तिच्यावर दयेचं ओझं टाकू? मुलांच्या आयांनी टाकलंय तेवढं पुरे आहे." पण निखिलच्या विमानाचा दिवस जवळ येत होता, आणि पहाटे समोरच्या घरातून त्यांच्या येरझारा मला ऐकू यायच्या.

अर्चना मात्र रोज यायला लागली. कंपनीच्या बसमधून उतरायची आणि पीजीवर जायच्या आधी तासभर भुऱ्याशी बोलत बसायची. कामातल्या कटकटी, आईचे गुडघे, साहेबाचं डोकं, सगळं त्याला सांगायची, आणि तेही मोठ्यानं, तिच्या बोलीत. चौथ्या-पाचव्या दिवशी ती उठता उठता म्हणाली, "मावशी, आई तिकडं एकटी भिंतीशी बोलते. मी इथं दिवसभर दुसऱ्याच्या तोंडानं बोलते. मले आता कंटाळा आला. मी आईला घेऊन येते. खोली पाहते. तळमजल्यावरची. ह्याले जिना नको."

'मले' ऐकून मी इंदूताईंकडे पाहिलं. त्या आधण ठेवायला आत गेल्या होत्या.

पुढचा आठवडा मी नुसती चिडत होते. कोथरूडमध्ये खोली मागायला गेलो की घरमालक विचारायचे, "फॅमिली का?" आई आणि मुलगी म्हटलं की चेहरा पडायचा. "म्हणजे पुरुषमाणूस नाही?" एका गृहस्थांना आई चालत होती, मुलगी चालत होती, कुत्रा चालत नव्हता. दुसऱ्यांना कुत्रा चालत होता, पण "लग्न न झालेली मुलगी म्हणजे येणंजाणं असतं." इंदूताई त्यांना म्हणाल्या, "हिच्या लग्नासाठीच मी येणंजाणं वाढवतेय, आणि तुमच्यासारखेच लोक येऊन परत जातायत." त्यांनी आमच्या तोंडावर दार लावलं. शिक्षण, वाचन, संगीत, सगळं त्या दारावरच्या पितळी पाटीत चकचकीत होतं.

शेवटी इंदूताईंनीच तात्यांना निरोप धाडला. तात्या बावधनहून आले, अर्चनाला पाहिलं, भुऱ्याला पाहिलं. "मागल्या अंगाला दोन खोल्या हायेत. म्होरं अंगण हाय. पायरी न्हाई."

"कुत्रा आहे बरं का," इंदूताई म्हणाल्या. "तुम्हीच नाकारलेला."

"म्या राखणीला नाकारलं व्हतं. ऱ्हायाला कुठं नाकारलं? आंधळं हाय ते, ऱ्हाऊ द्या की."

अर्चनाची आई यवतमाळहून आली. खोल्या लागल्या. भुऱ्याला न्यायचा दिवस ठरला, आणि नेमका तोच निखिलच्या जाण्याचा. दुपारी तो एकटाच निरोप घ्यायला आला. शलाका खाली गाडीत सामानापाशी. त्याच्या हातात कुत्र्याच्या महागड्या खाण्याची मोठी पिशवी होती आणि चेहरा उतरलेला. अर्चना पट्टा घेऊन तयार होती, भुऱ्या तिच्या पायाशी पडला होता.

निखिल गुडघ्यावर बसला. "ब्रूनो. कम, बॉय. कम हिअर."

भुऱ्यानं कान हलवला नाही.

अर्चना साधेपणानं म्हणाली, "दादा, त्याच्याशी आपलं बोला ना. लगेच येते तो."

निखिलनं इंदूताईंकडे पाहिलं. त्यानं घसा साफ केला, दोनदा तोंड उघडून मिटलं, आणि मग म्हणाला, "भुऱ्या. ये बे. ये अठी."

हुबेहूब आबाजी. इतक्या वर्षांत त्या मुलाला त्या बोलीत बोलताना मी ऐकलंच नव्हतं, त्यामुळे त्याच्या गळ्यात बापाचा आवाज आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. भुऱ्या ताडकन उठला. शेपूट अशी हलत होती की मागचं अंगच कोलमडत होतं. तो आवाजाकडे धावला, निखिलच्या हातात नाक घातलं, हुंगलं. हात ओळखीचा होता, पण म्हाताऱ्याचा नव्हता. त्यानं निखिलला वळसा घातला आणि दाराशी गेला. उंबऱ्यावर पाय चाचपला आणि जिन्याकडे तोंड करून उभा राहिला. म्हातारा तिथं असणार, अशी त्याची खात्री होती.

"भुऱ्या, अरे मी हाय," निखिल रडत म्हणाला. भुऱ्या वळला, परत आला, हात हुंगला, परत दाराशी गेला. आता तो कण्हत होता. निखिल म्हणाला, "ताई, मी काही दिवस पुढे ढकलतो. मी तिकीट बदलतो. मी त्याच्याशी..."

"पुरे," इंदूताई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "तिकीट बदलून काय करशील? मग कधी जाशील? पुढल्या आठवड्यात? तुझ्या गळ्यात तुझे वडील आहेत. आत्ता त्याला ते परत भेटले. तू अजून चार वाक्यं बोललास तर तो बावधनला जाऊन रोज दाराशी उभा राहील. बाप एकदाच मरतो, निखिल. याचा दोनदा मारू नकोस."

निखिलनं तोंडावर हात दाबला.

"आता त्याच्याशी इंग्रजीत बोल," त्या म्हणाल्या. "तेवढं तुला येतं."

तो उठून उभा राहिला. मग म्हणाला, "बाय, ब्रूनो. बी अ गुड बॉय." भुऱ्या दाराशीच होता. निखिल त्याच्या बाजूनं, धक्का न लावता, बाहेर पडला. भुऱ्यानं मान वळवली नाही. जिन्यावर बुटांचा आवाज उतरत गेला.

अर्चना पट्टा घेऊन पुढे झाली, तशा इंदूताई गॅलरीत गेल्या आणि पाठमोऱ्या उभ्या राहून त्यांनी एक हात वर केला. थांब. खाली निखिल शलाकाशी काहीतरी बोलत होता, कदाचित रडत होता, आणि तो आवाज वर यायची भीती होती. आम्ही तिघं दाराशी गप्प. मला इंदूताई आठवतात त्या अशा, किरकोळ पाठ, गॅलरीच्या कठड्याला चिकटलेली, हात वर. गाडीचं दार लागलं. गाडी फाटकातून बाहेर पडली, कोपऱ्यावर वळली. तरी त्यांनी हात खाली घेतला नाही. आवाज पूर्ण विरला तेव्हा घेतला, आणि मागे न बघताच म्हणाल्या, "गेला. आता ने त्याला."